तेलाच्या डब्यातली भट्टी

३ फेब्रुवारी

जावई लेकीच्या सामानाचा शेवटचा खोका ठेवून गेले. महिनाअखेरीला ते भाड्याची जागा सोडून दुसऱ्या शहरात नोकरीला जात आहेत. कपडे, पुस्तकं वगैरे आधीच येऊन पडलं होतं. या खोक्यात तिची हत्यारं होती. कानशी, चिमटे, मुठींसाठी आणलेले लाकडाचे तुकडे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुऱ्यांची चार पाती. मूठ नाही, धार नाही, पण आकार पुरा झालेला. कडा अशा सरळ, की मी माझी नोकरीतली पट्टी लावून पाहिली. खाली उजेड दिसला नाही.

लेक हॉटेलच्या स्वयंपाकघरात आचारी होती. बाजारातली सुरी हाताला बसत नाही म्हणून स्वतःच्या सुऱ्या स्वतः करायला लागली, मग बाकीचे आचारीही तिच्याकडे मागायला लागले. घरात आम्ही तिला साहेब म्हणायचो, कारण ती आली की आमच्याच स्वयंपाकघरात आम्हाला हुकूम सुटायचे. नोव्हेंबरात कामावरच कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी. यापुढे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तिच्या तयार सुऱ्या हॉटेलात होत्या. मी दोनदा जाऊन आलो. सगळ्यांनी खाली मान घालून सांगितलं की फार वाईट झालं. सुऱ्या कुठे आहेत हे मात्र कुणाला ठाऊक नाही. आईला एक करून द्यायची होती, ती राहिली, कारण हॉटेलवाल्यांचा नंबर आधी. म्हणजे तिच्या हातचं आता जगात हे चार तुकडे.

जावई सांगायला लागले, "बाबा, ही पाती म्हणजे खरं तर ती..."

मी म्हटलं, "असू द्या. मला कळतं."

या माणसाला एक वाक्य बोलायचं तर आधी तीन वाक्यांची वाट करावी लागते. ते येऊन गेले की माझं डोकं दुखतं. हिने त्यांना पाठीवर हात ठेवून बाहेरपर्यंत सोडलं. ही त्यांना हल्ली अरे-तुरे करते. लग्न झालं तेव्हा करत नव्हती.

७ फेब्रुवारी

पात्यांना पाणी द्यायचं राहिलं आहे. पोलाद लाल तापवून एकदम तेलात बुडवलं की कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. ते होईपर्यंत सुरी म्हणजे सुरीच्या आकाराची पट्टी. टोमॅटोसुद्धा धड कापत नाही. एवढं मला लेकीकडूनच माहीत. ती हे काम बाहेर, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात करून घ्यायची.

आज तिथे गेलो. तिथल्या फोरमनने पाती हातातही घेतली नाहीत.

"चार नग? काका, आमची भट्टी चार नगांसाठी तोंडसुद्धा उघडत नाही."

"माझी मुलगी इथेच द्यायची."

"ती पोरगी? ती दुसऱ्यांच्या मालात घुसवायची तिचं. चहा पाजून. आता नाही का येत ती?"

मी नाही म्हटलं. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित काम केलं असतं, आणि ते मला नको होतं. निघताना त्याने विचारलं, "पोलाद कोणतं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. तो हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

९ फेब्रुवारी

भट्टी मीच करणार. छोटी, एक पातं आत मावेल एवढीच. वाचनालयात दोन दिवस बसून आलो. नळ जोडणाऱ्यांकडे असतो तसा गॅसचा टॉर्च, म्हणजे ते ज्योत फेकणारं हत्यार, आणि उष्णता आत धरून ठेवणारी पोकळी, एवढं पुरतं. पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर नकाशे काढले. टाक्या, झडपा, पंपघरं. एक हातभर भट्टी काढायला काय लागतंय? संध्याकाळी तिन्ही बाजूंनी आकृती काढली. हात अजून थरथरत नाही.

हिला दाखवली. ही म्हणाली, "जेवायला चला."

१२ फेब्रुवारी

बांधकामाच्या उरलेल्या विटा मागच्या अंगणात रचल्या, मध्ये पोकळी ठेवली आणि ज्योत सोडली. अर्धा तास झाला तरी विटा नुसता धूर सोडत होत्या. मग एकदम धडाका झाला आणि एका विटेचं तोंड फुटून उडालं. ओल होती आत. कपची माझ्या कानाजवळून गेली.

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, आम्ही त्यांना भोंगा म्हणतो. इमारतीत कुठे काही झालं की सगळ्यांना आधी यांच्याकडून कळतं. ते गॅलरीत आलेच.

"काका, बॉम्ब करताय काय? आधी सांगा, म्हणजे मी माझी गाडी हलवतो."

"सुऱ्यांचं काम आहे."

"सुऱ्या? या वयात कुणाशी वैर घेतलंत?" आणि मग त्यांना आठवलं असावं. चेहरा पाडून, आवाज उतरवून म्हणाले, "वेळ जाऊ द्या काका. सगळं ठीक होतं."

काय ठीक होतं? मी विटेच्या कपच्या गोळा करत राहिलो. माणसं विनोद करतात तेव्हा जास्त सोसवतात.

१५ फेब्रुवारी

साध्या विटा उष्णता पिऊन टाकतात, आत परत देत नाहीत. त्याला भट्टीची लोकर लागते. दिसायला कापसासारखी, पण आगीला दाद देत नाही. हार्डवेअरवाल्याकडे मिळाली.

"किती हवी?"

"तेलाचा डबा आतून मढेल एवढी."

"एवढीशी? काय भाजणार आहात, चिमण्या?"

त्याच्याकडे कापून उरलेला एक तुकडा होता. तो त्याने जवळजवळ फुकटच दिला. बजावलं की नाकाला फडकं बांधा, हिचे धागे छातीत जातात. घरी येऊन खाद्यतेलाचा रिकामा डबा आडवा केला, तोंड कापलं, आतून लोकर लावली, वर भट्टीच्या मातीचा पातळ हात दिला. बाजूला तिरकं भोक, म्हणजे ज्योत पात्यावर थेट न आपटता आत गोल फिरेल. ही युक्ती माझी नाही, पण कोन मी काढला. डबा हलू नये म्हणून जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर तारेने बांधला.

ही खिडकीतून बघत होती. म्हणाली, "नाकावर फडकं आहे तर बरे दिसता."

बऱ्याच दिवसांनी हिने काहीतरी म्हटलं.

१९ फेब्रुवारी

भट्टी पेटली.

ज्योत आत शिरली, गोल फिरली, आधी डबा नुसता घोंघावत राहिला. मग आतली माती तांबडी दिसायला लागली, मग नारिंगी. कारखान्यात नाही, हॉटेलात नाही, आमच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली. दोरीवरचा एक पंचा करपला. हिने तो काढून पोतेऱ्याला घेतला.

उष्णता मोजायचं यंत्र घेण्यात अर्थ नाही. दोन साध्या खुणा आहेत. पोलाद पुरेसं तापलं की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याच्या थोडं पुढे गेलं की त्यावर टाकलेलं जेवणातलं मीठ वितळून काचेसारखं पसरतं. तिथे थांबायचं आणि बुडवायचं. हिच्याकडे मीठ मागितलं. हिने बरणीच दिली.

"सगळं नका संपवू. आज भाजी आहे."

२२ फेब्रुवारी

सरावासाठी खोक्यातली एक झिजलेली कानस घेतली. आधी तापवून राखेत हळूहळू गार करून मऊ केली, पात्यासारखा आकार दिला. मग भट्टीत. चुंबक सुटला. मीठ पसरलं. कोमट तेलात बुडवली. फस्स आवाज झाला, वर थोडा जाळ आला, विझला. बाहेर काढून दुसरी कानस चालवून पाहिली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. लागू होईना. म्हणजे पाणी लागलं. पुढे ओव्हनमध्ये मंद तापवून ठिसूळपणा उतरवला. ओव्हन साहेबांचाच, केक करायला आणला होता. दुपारभर घरात तेलाचा वास.

धार लावून कांदा कापला. कांदा रडवायच्या आत दोन झाला.

रात्री मी पुन्हा वाढून घेतलं. हिने फोनवर कुणाला तरी हळू आवाजात सांगितलं, "आज पोटभर जेवले." बहुधा जावयांना. माझ्या जेवणाची बातमी जावयांपर्यंत कशाला जायला हवी?

२४ फेब्रुवारी

आता खरी पाती. भट्टीत घालण्याआधी पृष्ठभाग स्वच्छ हवा. तेल, हाताचे डाग, काही नको, नाहीतर जळून चट्टे पडतात.

चारही पात्यांवर लेकीने काळ्या पेनाने लिहून ठेवलं आहे. बाण, रेघा, मापं. "इथे हलकं." "टाच बोटाला लागते." "टोक अजून खाली." शाई आगीत जाणारच. म्हणून आधी ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक पात्याची बाह्यरेषा घेतली आणि तिच्या सगळ्या सूचना जागच्या जागी सुवाच्य उतरवून घेतल्या, उभ्या सरळ अक्षरात, मी खात्याच्या नकाशांवर लिहायचो तशा. तिचं अक्षर धावतं, काही ठिकाणी लागत नव्हतं. आता कुणालाही वाचता येईल. एका पात्यावर तिने "बदक दिसतंय!!" असं लिहिलं होतं आणि शेजारी काहीतरी खरडलं होतं, चोच असावी. ते माप नाही, म्हणून वगळलं.

मग थिनरने चारही पाती पुसून घेतली. फडकं काळं झालं. पाती मात्र नव्यासारखी निघाली.

मला वाटतं, गेल्या कित्येक महिन्यांतलं हे माझं सगळ्यात नीट झालेलं काम.

२५ फेब्रुवारी

सकाळी ही अंगणात आली. फळीवर पाती एका ओळीत मांडली होती, शेजारी ट्रेसिंगची गुंडाळी. हिने एक पातं उचललं, उलटं केलं, दुसरं उचललं. चारही तशीच पाहिली.

"बदक कुठे गेलं?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "ते माप नव्हतं. बाकी सगळं इथे उतरवलंय." आणि गुंडाळी उलगडून दाखवली.

हिने कागद बराच वेळ पाहिला. म्हणाली, "हे तुमचं अक्षर आहे."

"हो. तिचं लागत नव्हतं."

ही आत गेली. दिवसभर पडून होती. थिनरचा वास हिला पहिल्यापासून सोसत नाही. उद्या खिडकी लावून घेऊन काम करीन.

२७ फेब्रुवारी

पहिलं पातं. सगळं पाठ झाल्यासारखं केलं. रंग बरोबर, चुंबक सुटला, मीठ पसरलं, तेलात सरळ बुडवलं, वाकलं नाही. आवाजही तोच.

कानस चालवली. कानस रुतली.

लोण्यात चमचा जावा तशी नाही, पण रुतली. लोखंडाचा कीस खाली पडला. पुन्हा तापवलं, थोडं जास्त. पुन्हा रुतली. दुसरं पातं घेतलं. तेच. तेल गार असेल म्हणून तेल तापवलं. तेल जुनं असेल म्हणून हिच्या डब्यातलं नवं ओतलं. शेवटी पाण्यात बुडवलं. पाण्यात चांगलं पोलाद तडकतं म्हणतात. तडकलंही नाही. तडकलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत चारही पाती काळी, खपल्या धरलेली, एक टोकाला पातळ होऊन कुरतडल्यासारखी. कडा आता पट्टीला लागत नाहीत.

जुन्या कानशीचा तुकडा मात्र पहिल्याच फेरीला कडक झाला होता. म्हणजे भट्टी बरोबर आहे. मी बरोबर आहे. मग काय?

भोंगा वरून ओरडला, "काका, झाली का तलवार?"

मी गॅस बंद केला.

२८ फेब्रुवारी

जावई निरोप घ्यायला आले. मी अंगणातच होतो. त्यांनी फळीवरची पाती पाहिली आणि, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, ही तुम्ही भट्टीत घातलीत?"

"मग काय पूजेला ठेवायची?"

"मला वाटलं तुम्ही कानशीवरच... आई म्हणाल्या होत्या, कानशीच्या तुकड्यांवर करतायत."

"सुरुवातीला. पण यांना पाणी लागत नाहीये. पोलाद कुठून घेतलं होतं तिने?"

ते खाली बसले. मशीनच्या पायाजवळ, नवी पँट घालून, मातीत.

"बाबा, हे पोलाद नाहीये. साधा पत्रा आहे, जाड. हे नमुने होते. ती आधी असे नमुने कापायची, आचाऱ्यांच्या हातात द्यायची, कुणाचं बोट कुठे लागतं ते बघायची, वर लिहून ठेवायची. मग जो आकार जमेल तो खऱ्या पोलादावर उतरवायची. याला कितीही तापवलं तरी काही होत नाही. यात कडक व्हायला काही नाहीच."

मी आयुष्यभर नमुने, आराखडे, साचे यांच्यातच बसलो. माझ्यासमोर चार नमुने होते, वर सूचना लिहिलेले, आणि मला पाती दिसली.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगत होतो. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, मला कळतं."

"नंतर? महिनाभर तोंड शिवलं होतं?"

ते हिच्याकडे बघायला लागले. ही दारात उभी होती.

"मी सांगितलं त्याला गप्प बस म्हणून," ही म्हणाली. "नोव्हेंबरपासून तुम्ही त्या खुर्चीतून उठत नव्हतात. अंगणात गेलात. विटा उचलल्यात. मी म्हटलं, राहू दे. कशाचं का असेना, काहीतरी करतायत."

म्हणजे दोघांना माहीत होतं. रोज. मी तिथे मीठ टाकून, श्वास रोखून बघत होतो आणि ही दोघं फोनवर बोलत होती की आज जेवले. लहान मुलाच्या हातात पळी देऊन कोपऱ्यात बसवतात तसं मला बसवलं होतं. मुलाला निदान नंतर कुणी सांगत नाही की पळी रिकामी होती.

मी म्हटलं, "खेळणं दिलंत मला."

"हो," ही म्हणाली. "आणि तुम्ही काय दिलंत? ते सगळं पुसून टाकलंत. मला कुठे माहीत होतं तुम्ही पुसाल? मी रोज तुम्ही आंघोळीला गेलात की ती बाहेर काढून वाचायचे."

ही रडत नव्हती. ओरडतही नव्हती. वीज गेली, पाणी आलं असं सांगतात तसं सांगत होती.

जावई उठले, पँट झटकली. म्हणाले, "मला त्यातलं एकच हवं होतं. बदकवालं. तो आकार बघून मीच म्हणालो होतो, बदक दिसतंय. तर तिने माझ्यादेखत त्याच्यावरच लिहिलं, आणि चोच काढली. मागू की नको, मागू की नको, असं करत राहिलो. तुम्ही इतके..."

"मागायचं होतं मग," मी म्हटलं. "एरवी तुमचं तोंड अखंड चालू असतं. नेमकं हेच मागता आलं नाही?"

हे मी म्हणालो. लिहिताना शब्द तेच ठेवले आहेत.

त्यांना ट्रेसिंगची गुंडाळी द्यायला गेलो. त्यांनी ती उलगडली, शेवटपर्यंत पाहिली, परत नीट गुंडाळली आणि फळीवर ठेवली. "छान काढलंय बाबा," म्हणाले. मग काळ्या पात्यांतलं एक उचललं. टोक कुरतडलेलं, बदकवालं तेच असणार. रुमालात बांधलं, हिला नमस्कार केला, मला केला, आणि गेले. माझ्या हाताची काजळी त्यांच्या हाताला लागली, ती त्यांनी गेटपाशी जाऊन पुसली. माझ्यासमोर पुसली नाही.

३ मार्च

बोलणं बंद आहे. ताट समोर येतं, मी जेवतो. किती जेवलो याची बातमी आता कुणाला जात नसावी.

कारखान्यातला फोरमन का हसला ते आता कळलं. चांगलं आहे, म्हणालो होतो मी.

४ मार्च

आज रागाने भट्टी मोडायला घेतली. तार सोडली, डबा उचलला, आत पाहिलं. आतली माती भाजून इतकी एकसारखी झाली आहे की एक भेग नाही. कोनसुद्धा बरोबर बसला होता. माझ्या नोकरीत मी काढलेल्या एका टाकीला पहिल्या दिवसापासून गळती होती, आणि या फुकटच्या डब्याला नाही. परत बांधून ठेवला. मोडायलाही एखादं कारण लागतं, आणि यात डब्याचा दोष काही नव्हता.

९ मार्च

हिने विचारलं, "त्या उरलेल्या तीन पात्यांचं काय करणार?"

"काही होण्यासारखं नाही."

"घासून साफ होतील का?"

"साफ होतील. सुऱ्या होणार नाहीत. मऊ आहेत. धार धरणार नाहीत."

"साफ करा."

मी करून दिली. काळ्या खपलीखालून खरवडलेलं, खड्डे पडलेलं लोखंड निघालं. तिची एकसुद्धा सरळ कड उरलेली नाही. हिने तिन्ही हातात धरून पाहिली. एक निवडलं, बाकीची दोन मला परत दिली. मग खोक्यातले लाकडाचे तुकडे आणून म्हणाली, "मूठ बसवा."

"अगं, याने काय कापणार आहेस? हे लोखंड आहे नुसतं. साहेबांनी असली सुरी स्वयंपाकघराच्या आत येऊ दिली नसती."

"साहेब नाहीत," ही म्हणाली.

१४ मार्च

मूठ बसवली. वाईट बसली. लाकडाची वीण उलटी धरली आणि एका बाजूला टवका उडाला. धार लावली. मऊ लोखंडाला धार लगेच येते, तेवढाच त्याचा गुण. पहिला कांदा बरा कापला. चौथ्या कांद्याला चुरडायला लागली. संध्याकाळी टोमॅटोवर ठेवली तर टोमॅटो सालीसकट दबला, फुटला नाही.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

हिने सुरी धुतली, पुसली, फळीवर ठेवली.

१५ मार्च

सकाळी चहाच्या कपाशेजारी सुरी आणि धार लावायचा दगड. धार लावून दिली.

१६ मार्च

पुन्हा.

२१ मार्च

रोज तेच चाललं आहे. ही सकाळी सुरी ठेवते, मी धार लावतो, रात्रीपर्यंत ती बोथट. घरात दुसरी चांगली सुरी आहे, बाजारातली, अजून धारदार. ती हिने ड्रॉवरमध्ये टाकली आहे. मला शिक्षा म्हणून करते आहे की आणखी कशासाठी, ते कळत नाही. जावयांचा फोन येतो तेव्हा ही आतल्या खोलीत जाऊन बोलते. परवा मी दारापर्यंत गेलो. त्यांना काही सांगायचं होतं. ही म्हणत होती, "नाही रे, ते तसेच आहेत." मी परत फिरलो.

३० मार्च

आज दगडावर पातं फिरवताना थांबून पाहिलं. दगडावर करडा गाळ साठतो, तो मी रोज पाण्याने धुऊन टाकतो. तो त्या पात्याचाच आहे. धार लावणं म्हणजे लोखंड घासून कमी करणं. चांगल्या पोलादाची सुरी महिन्यातून एकदा दगडावर येते, ही रोज येते. पोटाकडची रेषा आत गेलेली नुसत्या डोळ्यांना दिसते आहे. आकार तिने कापलेला होता. तेवढाच उरला होता, आणि तो मी रोज सकाळी चहाच्या आधी धुऊन टाकतो आहे.

स्वयंपाकघरात जाऊन हिला हे सांगितलं. नीट, समजावून सांगितलं. म्हटलं, रोज अशी धार लावत राहिलो तर दोन-तीन वर्षांत हातात नुसती मूठ राहील. त्यापेक्षा ही ठेवून देऊ. मी खरं पोलाद आणतो. कागदावर मापं आहेत. भट्टी आहे. चांगली सुरी करून देतो, पाणी दिलेली, तिच्याच आकाराची.

हिने सगळं ऐकून घेतलं.

"ती तुमची होईल," ही म्हणाली.

सुरी माझ्या हातातच होती. हिने कांद्याची परडी पुढे ओढली आणि हात पुढे केला.

"लावलीत ना आजची? द्या."

दिली.